मचाणावरून उतरताना

मचाणावरून बिबट्यानं ओढून नेलेला माणूस मी नोकरीत एकही पाहिला नाही. शिडीवरून पडलेले मात्र पाहिले. त्यातले बहुतेक सकाळी पडले. चांगल्या उजेडात, सगळं आटोपल्यावर, घरी जायच्या घाईत. जनावराची भीती असते तोवर माणूस सावध असतो. चहाची आठवण झाली की त्याचा पाय घसरतो.

मी वनपाल आहे. सोयगावकडच्या डोंगरात माझी बहुतेक नोकरी गेली. घर पडेगावला, पण तिथं मी पाहुण्यासारखाच. जंगलातल्या माणसाला दिवाळी अंकासाठी लिहायला सांगतात तेव्हा बिबट्या, अस्वल, चोरटे शिकारी यांची अपेक्षा असते. तसलं सांगण्यासारखं माझ्याकडं आहे, पण ते सांगून माझं ओझं उतरणार नाही. मला मचाणाबद्दल लिहायचंय. आणि मचाणाबद्दल लिहायचं तर उत्तमबद्दल लिहावं लागतं. म्हणून तर आजवर लिहिलं नाही.

मचाण ही मुळात शिकाऱ्यांची सोय. निजामाच्या काळात बडे पाहुणे यायचे, गावातली माणसं पाणवठ्याजवळच्या झाडावर बाज बांधून द्यायची, खाली बोकड, वर बंदूकवाले साहेब. पुढं शिकार कायद्यानं गुन्हा ठरली. बंदूक गेली, मचाण राहिलं. आता त्यावर आम्ही बसतो, कागद-पेन्सिल घेऊन. वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला चांदणं लख्ख असतं आणि जंगलात पाणी मोजक्याच जागी उरलेलं असतं, त्यामुळं तहानलेलं जनावर तिथं येतंच. कोण आलं, किती आले, सोबत पिल्लं होती का, हे टिपायचं. हीच आमची गणना. एकदा दुपारी वर चढलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली यायचं नाही.

लोक म्हणतात, त्यात काय एवढं, चार बल्ल्या आणि दोर. असतं तेवढंच, पण झाड कोणतं? आमच्याकडं सलई दिसायला देखणी, फांद्या ऐसपैस. नवखा माणूस हमखास तिच्याकडं जातो. सलईचं लाकूड ठिसूळ. भर उन्हाळ्यात तर पापडासारखं मोडतं. अंजन, धावडा ही भरवशाची झाडं. तरीही बुंध्यावर कुऱ्हाडीचा दांडा ठोकून बघायचा. पोकळ आवाज आला की पुढचं झाड. वर वाळकी फांदी लटकतेय का, आग्या मोहोळ आहे का, तेही बघायचं. आणि गेल्या वर्षीचं मचाण कितीही धड दिसलं तरी त्यावर पाय ठेवायचा नाही. दोर उन्हानं कुजलेला असतो, बल्ली वाळवीनं आतून खाल्लेली असते आणि साल मात्र जशीच्या तशी. आमचे एक साहेब एकदा म्हणाले, "नवीन कशाला? हेच वापरू की." आणि त्यांनी शिडी चढून जुन्या मचाणाला हात घातला. खालच्या अंगाला गांधीलमाश्यांचं पोळं होतं. साहेब शिडी न वापरताच खाली आले. मचाण ठेंगणं होतं म्हणून निभावलं. दोन्ही डोळे सुजून बंद झालेले, पण तोंड चालूच होतं, "तरी मी म्हणत होतो, नवीन बांधा!"

अलीकडं शहरातली हौशी मंडळीही गणनेला येतात. एक डॉक्टर घडीची खुर्ची घेऊन आले. कमरेचा त्रास होता म्हणे. मी म्हटलं, "डॉक्टर, मचाणावर खुर्ची आणि खुर्चीवर तुम्ही, म्हणजे दोन मजले झाले. परवानगी एकाच मजल्याची आहे." एक फोटोवाले हाताएवढी लेन्स गळ्यात अडकवून शिडी चढायला निघाले. आमचा नियम असा की चढताना हात मोकळे पाहिजेत. सामान पिशवीत घालून दोरानं नंतर वर ओढायचं. ते ऐकेनात. "साहेब, या लेन्सला मी बायकोपेक्षा जपतो."

"मग तर दोरानंच पाठवा. तोल गेला तर तुम्ही आधी लेन्स धराल, आणि वहिनींना फोन मला करावा लागेल."

ते हसले, पण लेन्स पिशवीत गेली. चेष्टेनं माणूस ऐकतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं. चेष्टेनं तो काय काय ऐकतो, हे फार उशिरा कळलं.

आता पट्ट्याचं. कमरेला आणि मांड्यांना पट्टा असतो, त्याला दोर आणि कडी. चढतानाच दोर बुंध्याभोवती घालायचा आणि आपल्याबरोबर वर सरकवत न्यायचा. फांदी आडवी आली तर दुसरा दोर आधी लावायचा, मगच पहिला सोडायचा. वर बसल्यावर दोर डोक्याच्या वरच्या अंगाला, झाडाला बांधायचा. मचाणाला नाही. मचाणच कोसळलं तर त्याला बांधलेला माणूस त्याच्याबरोबर जाणार, ही साधी गोष्ट, पण शिकलेलेही चुकतात. दोराला ढील बसण्यापुरतीच. समजा लोंबकळलातच, तर निवांत लोंबकळत राहायचं नाही, कारण पट्टा मांड्यांतलं रक्त अडवतो. दोराच्या फासात पाय देऊन वजन उचलायचं, पाय हलते ठेवायचे, शिट्टी वाजवायची. आणि सगळ्यांत वाईट जागा म्हणजे शिडी आणि मचाण यांच्यामधली. सकाळी तर फारच, कारण दुमडून बसल्यानं पाय बधिर झालेले असतात. आधी बसल्या जागी पाय चोळायचे, मग बुंधा धरून उभं राहायचं, मग शिडी. कडी जमिनीवर लावायची आणि जमिनीवरच सोडायची.

मी नोकरीला लागलो तेव्हा यातलं काहीच नव्हतं. दोर मचाण बांधायला होता, माणूस बांधायला नव्हता. स्वतःला झाडाला बांधून घेणारा पहिला माणूस मी पाहिला तो उत्तम.

उत्तम आमच्याकडं रोजंदारीवर वनमजूर होता, सोयगावजवळच्या खेड्यातला. बुद्ध जयंती हा त्याच्या घरचा मोठा सण आणि गणना नेमकी त्याच दिवशी. सकाळी विहारात वंदना करून तो पांढऱ्या कपड्यांतच यायचा, हातात खिरीचा डबा. "साहेब, आधी खीर, मग काम. नायतर घरची म्हणती, साहेबाला उपाशी ठेवलं." सगळ्यांना वाटून झाल्यावर कपडे बदलायचा आणि झाडावर चढायचा. बल्ल्या बांधण्यात त्याचा हात कुणी धरत नसे.

एका वर्षी तो वर बसल्यावर मी खालून बघतो तर बैलाचा दोर त्याच्या कमरेला, दुसरं टोक बुंध्याला.

"हे काय रे, उत्तम?"

"साहेब, मला भ्या वाटतं वर."

"कशाचं? बिबट्याचं?"

"बिबट्याचं कशाला? पडायचं. बिबट्या आला तर तुमी हायेत की खाली."

सगळे हसले. तोही हसला. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण शेवटचा शब्द माझा पाहिजे अशी मला खोड. मी म्हटलं, "दावं तर लागलं. आता वैरण टाकू का?"

ही चेष्टा वर्षभर चालली. उत्तम दिसला की कुणीतरी हंबरायचं. पुढच्या गणनेला त्यानं पुन्हा दोर बांधला, तेव्हा मी एक पाऊल पुढं गेलो. त्याच्या भाकरीची पिशवी वर ओढायची होती. त्या पिशवीत मी वाळल्या गवताची पेंढी ठेवली, वरच, भाकरीच्या फडक्यावर. खाली आम्ही सगळे माना वर करून उभे. त्यानं पिशवी उघडली, पेंढी हातात घेतली, जरा वेळ बघितली.

"साहेब, मीठ कमी हाय," तो वरून म्हणाला.

केवढे हसलो आम्ही. आमचा ड्रायव्हर सलीमभाई तर पोट धरून खाली बसला. तेवढ्यात उत्तमनं कमरेचा दोर सोडला आणि खाली फेकून दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मी त्याचा साहेब होतो. माझे आजोबा पौरोहित्य करायचे, वडील कचेरीत कारकून. तो कोणत्या वस्तीतला, ते सगळ्यांना ठाऊक. तीच पेंढी त्यानं माझ्या डब्यात ठेवली असती तर मी "मीठ कमी आहे" म्हणालो असतो का? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. पडायला फार वर्षं लागली.

त्यानंतरच्या गणनेला उत्तमनं दोर आणलाच नाही. मी ते पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सकाळी गाडी आली, चूल पेटली. मी खालून ओरडलो, "उतर रे उत्तम, चहा गार होतोय!" तो घाईनं उठला, पाठमोरा झाला आणि शिडीची पायरी शोधायला पाय खाली सोडला. पाय बधिर होता. पायरी त्याला लागलीच नाही.

मी जवळ गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता. आभाळाकडं बघत म्हणाला, "साहेब, माझे पाय हायेत का?"

पाय होते, पण पाठीचा मणका दुखावला होता. पुष्कळ महिन्यांनी तो काठी घेऊन उभा राहिला. जंगल सुटलं. आता सोयगावला बसस्टँडजवळ त्याचं शिलाईचं छोटं दुकान आहे. मशीन पायानं चालवता येत नाही म्हणून मोटार बसवलीय.

वरिष्ठ आले तेव्हा त्यांनी विचारलं, हा बांधून का बसला नव्हता? मी म्हटलं, "तो कधीच बांधत नव्हता, साहेब. वाघ होता." कुणी काही बोललं नाही. त्यावर मी त्या वाघाला वर्षानुवर्षं पोसलं. चहावर, प्रशिक्षणात, निरोपसमारंभात मी उत्तमची गोष्ट सांगायचो. कसा सरसर चढायचा, भीती म्हणून ठाऊक नव्हती, असा गडी होणे नाही. कौतुक हे फार उबदार पांघरूण आहे. ज्याच्यावर घालतो त्यापेक्षा घालणाऱ्यालाच त्याची ऊब जास्त. पुढं पट्टे आले, आणि पट्ट्यांच्या बाबतीत मी खात्यात सगळ्यांत खडूस म्हणून प्रसिद्ध झालो. लोक म्हणायचे, उत्तमच्या अपघातानं साहेब बदलले. निम्मं खरं होतं.

यंदा आमच्याकडं नव्या वनरक्षक मुली आल्या. त्यातली एक प्रज्ञा, उत्तमची मुलगी. बाप पडला तेव्हा ती शाळेत होती. परीक्षा देऊन, मैदानी चाचणीत धावून, स्वतःच्या हिमतीवर लागलेली. नजर तेज, पायाचा आवाज नाही. मला काका म्हणायची, कारण मी त्यांच्या घरी दर दिवाळीला जात आलो. का जात आलो, ते तिला कुठं माहीत होतं?

गणनेच्या आधीच्या सरावात ती शिडी चढली. अंगात पट्टा होता, पण कडी नुसतीच लोंबत होती.

"प्रज्ञा, कडी."

"वर गेल्यावर लावते ना, काका."

"खालीच लावायची."

तिनं लावली. पण दुसऱ्या दिवशी मी लांबून पाहिलं तर झाडावर ती मोकळीच. खाली बोलावून रागावलो. तेव्हा ती जरा हसून म्हणाली, "काका, बाबा कधी बांधायचे का? तुम्हीच तर सांगता. सगळे बघतात हो माझ्याकडं, उत्तमची पोरगी म्हणून. मी पट्ट्याला लोंबकळत गेले तर काय म्हणतील?"

काय म्हणतील ते मला चांगलं ठाऊक होतं. एके काळी म्हणणारा मीच होतो.

तिला गणनेतून काढून टाकता आलं असतं. मग तिला आयुष्यभर स्वतःला सिद्ध करत बसावं लागलं असतं, कुठल्या तरी दुसऱ्या झाडावर, जिथं मी नसतो. नियम माझ्या नजरेपर्यंत पोचतो, त्याच्या वर झाडात ती एकटी. आणि ज्या गोष्टीपायी ती कडी सोडत होती ती गोष्ट मीच रचलेली होती. ती मलाच मोडायला हवी होती, पौर्णिमेच्या आत. पण वाघ केवळ माझा नव्हता. म्हणून आधी सोयगावला गेलो.

उत्तम शर्टाला बटणं लावत होता. मी प्रज्ञाचं सांगितलं. त्याचे हात थांबले.

"लई हट्टी हाय ती. आईवर गेली."

"उत्तम, तिला खरं सांगावं लागेल. तू बांधायचास ते. का सोडलंस ते."

त्यानं शर्ट मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "साहेब, खोटं कशाला बोलू, तुमची गोष्ट मला आवडायची. मी हिथं काठी टेकवत बसतो, पण पोरीच्या नजरेत मी वाघ. कोणाला नाय आवडणार?"

"मग नको सांगू?"

"सांगा की! वाघ म्हातारा झाला. पोरगी जगली पायजे." त्यानं सुई कापडात खोचून ठेवली. "पण साहेब, निम्मं सांगू नका. बाप भेकड होता एवढंच सांगून मोकळं व्हाल. पेंढीचंबी सांगा. आन तिला एकटीला बाजूला घेऊन नको. ज्यांच्यापुढं झालं त्यांच्यापुढं सांगा."

मी "सांगतो" म्हणालो. इतक्या वर्षांत त्या पेंढीचं नाव आमच्या दोघांत पहिल्यांदा निघालं. त्यानं मला चहा पाजला. मी निघालो तेव्हा तो उठला नाही, आणि त्याचं कारण पाठ नव्हती.

गणनेच्या दिवशी सगळे पाणवठ्यावर जमले. वनरक्षक, मजूर, शहरातली पाहुणे मंडळी, सलीमभाई. प्रज्ञा शिडीजवळ उभी होती. मी रोजच्या सूचना दिल्या. हात मोकळे, सामान मागून, दोर झाडाला. मग म्हटलं, "आता उत्तमची गोष्ट." जुनी माणसं ऐसपैस झाली. त्यांना ती पाठ होती.

मी सांगितली, पण त्यांना पाठ असलेली नाही. उत्तमला वर भीती वाटायची हे सांगितलं. दोर, दावं, हंबरणं, पेंढी, टाळ्या. चहा गार होतोय म्हणून कुणी हाक मारली ते. नंतर वाघ कुणी बनवला तेही. समोरचा फोटोवाला कॅमेऱ्याशी उगाच चाळा करत होता, एवढं आठवतं.

प्रज्ञा माझ्याकडं सरळ बघत होती.

"बाबांना भीती वाटायची?"

"हो."

"आणि तरी चढायचे?"

"दर वर्षी."

तिनं मान खाली घातली, परत वर केली. "पेंढी पिशवीत कुणी ठेवली?"

"मी."

मागून सलीमभाई म्हणाला, "हसने में मैं भी था, बेटा. सब से ज्यादा मैं ही हसा." म्हातारा माणूस, डोळ्याला रुमाल लावून उभा होता. आणखी एकदोन जुने मजूर जमिनीकडं बघू लागले. एका नव्या पोरानं वातावरण हलकं करावं म्हणून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. प्रज्ञानं नुसतं त्याच्याकडं बघितलं, त्यानं ते मिटलं.

मग तिनं पट्टा ओढून नीट केला. मांडीचे बंद तपासले, दोर बुंध्याभोवती घातला आणि कडी लावली. मी शिडी धरायला पुढं झालो.

"साहेब, बाजूला व्हा," ती म्हणाली. "शिडी सलीमचाचा धरतील."

मी बाजूला झालो. फांदी आडवी आली तिथं ती थांबली, दुसरा दोर लावला, पहिला सोडला, ओढून बघितला. मचाणावर पाय टाकताना अजिबात घाई केली नाही. वर गेल्यावर दोर डोक्याच्या वर, अंजनाच्या बुंध्याला.

सकाळी मी लवकर जाऊन उभा राहिलो, तिला त्रास होणार नाही इतक्या अंतरावर. गाडी आली. चहा झाला. कुणी हाक मारायला गेलं, त्याला मी हातानं थांबवलं. वर ती पाय चोळत होती. तिच्याबरोबर रात्रभर बसलेली जोडीदारीण म्हणाली, "चल की." प्रज्ञा म्हणाली, "थांब जरा." ती बुंधा धरून उभी राहिली, तशीच थांबली, मग पाठमोरी झाली. पाय हवेत चाचपडला. पहिल्यांदा पायरी सापडली नाही. तिनं पाय वर घेतला, पुन्हा सोडला, पायरीवर टेकवला आणि एकेक करत उतरली.

खाली आल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. अजूनही कामापुरतंच बोलते. बोलू दे. त्या सकाळी मला तिच्याकडून माफी नको होती. कडी सोडताना तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते, आणि मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं.